हट्टीचं सोनं

समोर आलेली कुठलीही वस्तू काका आधी तळहातावर झेलायचे, तिचं वजन घेतल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "घासल्याबिगर कळत नाय." मग तो चहाचा चमचा असो, नाही तर नव्या शिपायाच्या हातातलं कडं. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. पण आमच्या काकांसारखा नसणार.

गुलमंडीजवळच्या आमच्या बँकेत ते तारण ठेवायला आलेले दागिने तपासायचे. कोपऱ्यातलं टेबल, कसोटीचा काळा दगड, तेजाबाची बाटली. दागिना दगडावर घासायचा आणि रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा. रेघ टिकली तर सोनं, उडाली तर पितळ. तीस वर्षांत त्यांनी खोट्याला कधी खरं म्हटलं नाही, आणि खरं बोलताना समोर कोण उभं आहे हेही पाहिलं नाही. एकदा मॅनेजरसाहेबांनी सासऱ्यांनी दिलेली अंगठी कौतुकानं पुढे केली. "बावीस कॅरेट ना, काका?"

काकांनी घासली, थेंब सोडला आणि सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं म्हणाले, "अठरा. ते बी लई ओढूनताणून."

त्या दिवाळीला साहेब सासुरवाडीला गेले नाहीत.

साठी उलटल्यावर काकांनी काम सोडलं. महिन्याभरात एका सकाळी पुंडलिकनगरला माझ्या दारात ते जाड टायरांची, गिअरची सायकल घेऊन उभे. पायजम्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. "जन्मभर लोकांचं सोनं बघितलं, भाऊ. ते निघतं कुठून, ते बघायचंय. तुमच्याकडं तंबू हाय ना?"

तंबू होता, सायकलही होती. एवढाच माझा गुन्हा.

जायचं होतं कर्नाटकातल्या हट्टीला. तिथं फार जुन्या सोन्याच्या खाणी आहेत. "निजामाच्या टायमाला आपण अन् हट्टी एकाच राज्यात," काका म्हणाले, "म्हंजे ते सोनं बी आपलंच की!" गावाचं नाव आणि माणसाचा स्वभाव इतका जुळत असल्यावर मी नाही म्हणून काय होणार होतं?

बसच्या टपावर सायकली टाकून आम्ही लिंगसुगूर गाठलं आणि पुढे पायडल मारत निघालो. चढ आला की काका खाली उतरून सायकल ढकलायचे. उतार लागला की दोन्ही पाय फाकवून ओरडायचे, "सरका!" समोर चिटपाखरूही नसायचं.

चालू खाणीत परवानगीशिवाय जाता येत नव्हतं. काकांना त्याचं काही वाटलं नाही. गावाबाहेर सोडून दिलेल्या खाणींचे खड्डे होते, उकरलेल्या दगडांचे ढीग होते. चमकणारा प्रत्येक दगड त्यांनी उचलला. "अभ्रक. हे बी अभ्रक. ही तर बाटलीची काच."

दिवस कलताना आम्ही एका ढिगाशेजारी तंबूच्या खुंट्या ठोकत होतो. मान वर केली तर पंधरा-वीस माणसं आमच्याभोवती उभी. आम्ही गुप्तधन काढतोय, अशी त्यांची खात्री झाली होती. आम्हाला कानडी येत नव्हती, पण त्या भागात दखनी चालते आणि काकांची दखनी गुलमंडीत मुरलेली. ते हात जोडून म्हणाले, "हम तो सोने कू आए हैं, भाई!"

झोपायला आलोय, असं त्यांना म्हणायचं होतं. गर्दी आणखी दोन पावलं पुढे सरकली.

कुणीतरी काकांची पिशवी उपडी केली. कसोटीचा दगड, तेजाबाची बाटली, हातोडी. मला पोलीस ठाण्याचा बाक दिसू लागला. काका मात्र खाली मांडी घालून बसले. "किसी का बी सोना लाव. खरा के खोटा, बताता मैं."

एकानं घाबरत अंगठी दिली. खरी निघाली. त्यानं बायकोला हाक मारली, तिनं जावेला. बघता बघता तंबूपुढे रांग लागली.

शेवटी एक म्हातारी आली. हातात दोन जाड पाटल्या. साबण लावून काढाव्या लागल्या. बाकीच्या बायांकडे बघत ती ऐटीत बसली. काकांनी पाटली घासली, थेंब सोडला. रेघ उडाली. मी पाहिलं. काकांनी पटकन अंगठा फिरवून दगड पुसला आणि घसा खाकरला. "असली है, अम्मा. एकदम असली."

तीस वर्षांत पहिल्यांदा!

म्हातारीनं पाटल्या परत घेतल्या आणि बोळकं उघडून हसत सुटली. "झूटा! असली तो मैं बेटी की शादी में बेच डाली. ये पीतल है. तुजे परखने कू दी मैं!" सगळा घोळका हसला. मग तिनं रांगेकडे बोट केलं. "अब सब का फिर से देख!"

काकांनी लाल कानांनी सगळ्यांचं सोनं पुन्हा घासलं. म्हातारी शेजारी बसून प्रत्येक रेघ स्वतः बघत होती. जेवण तिच्याच घरून आलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"काका, पहिल्यांदाच खोटं बोललात," मी म्हणालो.

"अन् पहिल्यांदाच घावलो. बरं झालं. सवय लागली असती."

पुढे मुलानं त्यांना बंगळूरला नेलं. सायकल नेऊ दिली, पण सोसायटीच्या आवारातच चालवायची या अटीवर. हिवाळ्यात एक दिवस मुलाचा फोन आला. "बाबा तुमच्याकडे आलेत ना? चिठ्ठीत तुमचं नाव लिहून गेलेत."

बंगळूरहून कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणी लांब नाहीत. माझ्या लगेच लक्षात आलं.

"आलेत की," मी म्हणालो. "आंघोळीला गेलेत."

तासानं पुन्हा फोन. "झाली आंघोळ?"

"झाली. केसांना तेल लावतायत."

काकांना टक्कल होतं. मुलानं फोन ठेवून दिला. मग मीही घाबरलो. दुपारभर काकांना फोन लावत होतो. ते उचलत नव्हते.

संध्याकाळी त्यांचाच आला. कोलारला पोहोचले होते. मातीचे डोंगर आहेत, कुलपं लावलेले बंगले आहेत, म्हणाले. एका म्हाताऱ्या खाणकामगारानं अंगणात तंबू ठोकू दिला होता. "पोराला आता सांगतो मी. तुम्ही खोटं बोलू नका, भाऊ. तुम्हाला जमत नाय."

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. शेवटचं बघायला मला बंगळूरला पोहोचता आलं नाही.

कोलारच्या त्या संध्याकाळी बोलून झाल्यावर फोन बंद करायला ते विसरले होते. तसाच खिशात टाकला असावा. मीही ठेवला नाही. आधी चेनची करकर ऐकू आली, मग कुणाशी तरी दोन शब्द, मग हसणं. मग बहुतेक उतार लागला. चाकांची सरसर वाढत गेली, वाढत गेली, आणि शेवटी फोनमध्ये नुसता वारा उरला.