पांढरीपांडे काकूंचा शेरा

एप्रिलमधल्या त्या एका गुरुवारी इंदूकाकू पांढरीपांडे चार वाजताच केस विंचरून, ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून तयार व्हायच्या. टीव्हीसमोरची खुर्ची स्वतः पुसायच्या, गळ्यात दोरीने लटकवलेला चष्मा नाकावर चढवायच्या आणि मांडीवर एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही घ्यायच्या. घरात लग्न नसायचं, मुंज नसायची. अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट असायचा.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉलेजात खेळणाऱ्या धिप्पाड पोरांना त्या दिवशी देशभरातल्या टीम्स पाळीपाळीने निवडतात. कुणाला घ्यायचं, कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे टीमचा जनरल मॅनेजर ठरवतो. नाव पुकारलं की नव्या सुटातला पोरगा आईला मिठी मारतो, आई रडते, बाप छताकडे बघतो. नागपूरहून मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या काकूंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी, त्यांचा शेजारी, बाजूलाच बसलो होतो. दहा मिनिटं त्यांनी चष्मा पुसून पुसून बघितलं. मग म्हणाल्या, "अरे, हे तं सामुदायिक विवाह आहेत बाप्पा!"

काकूंनी नागपुरात तीस वर्षं वधू-वर सूचक मंडळ चालवलं होतं. त्यामुळे खेळाचे नियम कळायच्या आधीच त्यांना जनरल मॅनेजर कळला. त्याचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. त्यांच्या लेखी तो 'आपला सूचक'. आम्ही राहतो अमेरिकेत, एडिसनला. इथल्या माणसाला दोन टीम्समधली एक निवडून तिच्यासाठी आयुष्यभर रडता येतं. आमची कुठली ते लिहीत नाही, दोन्हीकडचे लोक मला ओळखतात.

काकूंच्या वहीत रकाने होते: उंची, वजन, घराणं, आधीचं काही. घराणं म्हणजे कॉलेज. 'आधीचं काही' म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन वगैरे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. पहिल्या फेरीत आमच्या सूचकाने सहा फूट सहा इंची, मदनाचा पुतळा असा पोरगा उचलला आणि आम्ही टाळ्या पिटल्या, तेव्हा काकूंनी शेरा लिहिला : 'फोटोवर भाळला.' दुसऱ्या टीमने सोडलेला एक महागडा खेळाडू आला तेव्हा म्हणाल्या, "दोन घरं फिरून आला आहे. तिथल्या लोकांना फोन तरी करायचा होता याने!" आणि मी सांगतो, दहातले सात शेरे खरे ठरायचे. ऑफिसात मी ते माझी मतं म्हणून खपवायचो. तिथले दोघे अमेरिकन अजून मला फुटबॉलमधला दर्दी समजतात.

काकूंना एका वाक्याची चीड होती. ते वाक्य म्हणजे 'पत्रिका जुळत नाही.' मुलगी काळी वाटली, मुलाचं टक्कल दिसलं, सासू कजाग वाटली, काहीही असो, निरोप एकच यायचा. काकू तो निरोप पुढे पोचवायच्या नाहीत. खरं कारण खोदून काढायच्या आणि ज्याचं त्याला सांगायच्या. "एकाला सात नकार आले होते," त्यांनी मला सांगितलं होतं. "सातही वेळा पत्रिकाच. मी त्याला म्हटलं, तुम्ही समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. असा भडकला! फॉर्म फाडून निघून गेला."

"मग? लग्न झालं का त्याचं?"

"मला काय माहीत? पण माझं ते वाक्य मात्र पुरं ऐकून गेला."

काकू गेल्या उन्हाळ्यात वारल्या. त्यांच्याबद्दल इथे शंभर गोष्टी सांगतात. पण ज्या दिवशी आम्हा सगळ्यांना त्यांनी एकदा तरी खोटं बोलावं असं वाटत होतं, त्या दिवसाची गोष्ट कुणी सांगत नाही. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

काकूंचा नातू निखिल. मित्रांचा निक. एडिसनच्या मराठी पोरांनी डॉक्टर व्हावं, वकील व्हावं, फार तर नाटकात जावं. निखिलने चेंडूला लाथ मारण्यात करिअर केलं. फुटबॉलमध्ये किकर नावाचा एक प्राणी असतो. बाकीचे एकमेकांना तुडवत असतात तेव्हा हा कडेला उभा. मग एकदम त्याला बोलावतात, आणि त्याने दोन खांबांमधून चेंडू पार करायचा. गेला तर सगळे त्याला विसरतात. चुकला तर सगळं शहर लक्षात ठेवतं. कॉलेजात निखिल उत्तम खेळला, ड्राफ्टमध्ये मात्र कुणी घेतलं नाही. आणि मग, आता बघा गंमत, आमच्याच सूचकाचा फोन आला. शिबिराला ये म्हणून.

शिबिराला नव्वद पोरं बोलावतात आणि ऑगस्ट संपता संपता त्रेपन्न ठेवतात. किकर ठेवायचा एकच. निखिलच्या समोर होता एक छत्तीस वर्षांचा, दाढी पिकायला लागलेला जुना किकर. म्हणजे दोघांत एक. 'पांढरीपांडे' हे नाव इंग्रजीत निखिलच्या जर्सीवर एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत वळसा घालून गेलं होतं, आणि ते नाव टीव्हीवर दिसलं की ओक ट्री रोडवरच्या आपल्या देशी दुकानांत लोक जिलब्या सोडून वर बघत होते. सरावाचे तीन सामने झाले. निखिलच्या लाथा खणखणीत बसत होत्या. मधल्या सामन्यात एक चुकली, पाठोपाठ दुसरी चुकली. आम्ही त्या दोन मोजल्याच नाहीत. काकूंनी त्या वेळी वही उघडली, दोन ओळी लिहिल्या आणि मिटली. मी वाकून बघायचा प्रयत्न केला तर हातावर चष्मा मारला.

नावं कापण्याची शेवटची मुदत मंगळवारी दुपारी चारची. त्या दिवशीचा नियम साधा आणि भयंकर होता : फोन आला तर गेलास. चारपर्यंत फोन आला नाही तर राहिलास.

सकाळी निखिलची आई मेघना माझ्या दारात उभी. "प्रसाद, एक काम कर. काही वाईट झालं ना, तर आईंनी फक्त मॅनेजर मूर्ख आहे एवढंच म्हणायचं. दर वर्षी म्हणतातच ना? आज एकदा माझ्यासाठी म्हणायचं. तुझं ऐकतात त्या."

काकू कुणाचंच ऐकत नसत, पण मी गेलो. त्या मटारच्या शेंगा सोलत होत्या. मी निरोप सांगितला. त्यांनी एक शेंग पुरी सोलली, दाणे मोजल्यासारखे बघितले आणि म्हणाल्या, "बघू."

दोन वाजल्यापासून आम्ही त्यांच्या फॅमिली रूममध्ये. कुणाचाही फोन वाजला की सगळे खुर्चीतून उठायचे. नागपूरहून मेघनाच्या आईचा व्हिडिओ कॉल आला, मग छप्पर दुरुस्त करणाऱ्याचा आला. शेवटी मी सगळ्यांचे फोन गोळा करून वरणाच्या पातेल्यात घातले, झाकण ठेवलं आणि पातेलं गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. डायनिंग टेबलावर उरला फक्त निखिलचा फोन, पालथा. पेढ्यांचे चार डबे वॉशिंग मशीनच्या मागे लपवलेले होते, त्यांचा वास सगळ्यांना येत होता आणि कुणी बोलत नव्हतं. निखिलचा बाप समीर दर पाच मिनिटांनी पाणी प्यायचा. तीन वाजले. सव्वातीन. मेघना पुटपुटली, "नो न्यूज इज गुड न्यूज." निखिल म्हणाला, "मॉम, प्लीज."

तीन वाजून बावीस मिनिटांनी फोन टेबलावर थरथरत कडेपर्यंत सरकला.

"येस सर," निखिल म्हणाला. "आय अंडरस्टँड. थँक यू, सर." मग फोन अगदी हळू ठेवला, जणू तो फुटेल. "दे आर गोइंग इन अ डिफरंट डिरेक्शन."

काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "म्हणजे पत्रिका जुळत नाही."

मग समीरचा बांध फुटला. "मूर्ख आहे तो माणूस! तीन वर्षांत एक धड पोरगा निवडता आला नाही त्याला! म्हाताऱ्याला ठेवतो आणि याला काढतो?" मीही सूर मिळवला. आंधळा, बिनडोक, पुढच्या वर्षी त्याचीच नोकरी जाणार, जे सुचेल ते बोललो. समीर वळला. "आई, सांग ना याला. तूच म्हणतेस ना त्याला काही कळत नाही?"

सगळे काकूंकडे बघू लागले. मेघनाने माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे बघून मान हलवली, नको, नको.

"आजी?" निखिल म्हणाला.

काकूंनी चष्मा काढला. "या वेळी त्याने बरोबर केलं."

माझ्या समोरच्या कपातल्या चहावर साय धरत होती, मला ती अजून दिसते.

"पाय तुझा चांगला आहे," काकू म्हणाल्या. "त्या दाढीवाल्यापेक्षा चांगला. पण बॉल चुकला की तू बाकाकडे बघतोस. कोच काय म्हणून राहिला, कोण तोंड वाकडं करून राहिलं, ते बघतोस. मग पुढचा बॉल तू खांबांसाठी नाही मारत, त्यांच्यासाठी मारतोस. तो पण चुकतो. माझ्याकडे अशी मुलं यायची. तुम्हाला काय आवडतं विचारलं की आईकडे बघायची. वाईट नव्हती, चांगली होती. मी त्यांना म्हणायची, वर्षभराने या."

निखिलला सगळं मराठी कळतं. "कूल," तो म्हणाला. "थँक्स, आजी." उठला, गॅरेजमध्ये गेला. दाराचा घरघराट पुरा वर जाईपर्यंत आम्ही ऐकला. मग गाडी गेली.

मेघना सासूसमोर उभी राहिली. "झाला आनंद?"

काकू कप गोळा करू लागल्या, आणि साय धरलेला माझा चहा त्यांनी सिंकमध्ये ओतला.

पुढचे तीन महिने त्या घरात मीठ दे, औषध घेतलं का, एवढंच बोलणं. निखिल एका मित्राकडे राहायला गेला आणि शाळेतल्या पोरांना किक मारायला शिकवू लागला. रविवारी पांढरीपांड्यांचा टीव्ही बंद. म्हणून काकू स्वेटरवर शाल गुंडाळून आमच्याकडे मॅच बघायला येत. वही आणत, पण उघडत नसत. एकदा त्या जुन्या किकरने शेवटच्या मिनिटाला चेंडू खांबाबाहेर घालवला आणि आम्ही हरलो. मी सोफ्यावरून उडालो. "बघा! निखिल असता तर!"

"ओरडू नको. आता त्याच्याकडे बघ."

म्हाताऱ्याने वाकून बुटाला चिकटलेलं गवत काढलं, पायाखालची जागा एकदा बघितली आणि सरळ चालू लागला. कुणाकडे बघितलं नाही.

"म्हणून ठेवला," काकू म्हणाल्या. पण आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. थोड्या वेळाने विचारलं, "प्रसाद, मी चार दिवस थांबून सांगायला हवं होतं का?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला शेरा मागितला आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आमची बेल वाजली. दारात निखिल. बूट काढले, आत आला आणि काकूंच्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला. त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "व्हॉट एल्स?"

काकूंनी वही उघडली. मी इतकी वर्षं त्या वहीत डोकावत होतो, पण निखिलचं पान कधी पाहिलं नव्हतं. एक नाही, चार पानं होती. कॉलेजच्या पहिल्या सामन्यापासून. त्या वाचत गेल्या, तो ऐकत गेला. "हेल्मेट घालताना श्वास रोखतोस." "वारा डावीकडून असला की घाई करतोस." "आईबाबा मॅचला आले की पहिली किक नेहमी जोरात." मधे एकदा तो म्हणाला, "दॅट्स नॉट फेअर," आणि काकू म्हणाल्या, "बरं, का ते सांग," आणि त्याने सांगितलं, आणि काकूंनी ती ओळ चक्क खोडली! मी तीनदा चहा केला. कुणीच प्यायला नाही.

डिसेंबरात देशाच्या दुसऱ्या टोकाला एका टीमच्या किकरचा पाय मोडला. त्यांनी चार पोरांना चाचणीला बोलावलं, त्यात निखिल. दोन दिवस आमच्या गल्लीत कुणी मोठ्याने बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना काकूंचा फोन आला.

"घेतला त्याला."

मी मीटिंगमध्येच ओरडलो. "काकू! अभिनंदन!"

"कसलं अभिनंदन? चुकली निवड. हा सूचक आपल्या सूचकापेक्षा घाईचा आहे. पोरगा अजून कच्चा आहे, आणखी सहा महिने तरी थांबायला हवं होतं याने."

"अहो काकू, आजच्या दिवशी तरी!"

"मग काय खोटं बोलू?" पलीकडे मेघनाचं हसणं ऐकू आलं, आणि काहीतरी शिजत असल्याचा आवाज. काकू फोन घेऊन बाजूला गेल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ऐक. रविवारी त्याची पहिली मॅच आहे, शनिवारी पोचणारं विमान बघ. दोन तिकिटं, मी आणि मेघना. आणि शेजारी शेजारी घेऊ नको हं. दोघींनाही खिडकी लागते."