तिसगावच्या विहिरीतला गोलकीपर

सुभेदार सुमंत आणि शिपाई कानिफनाथ यांची पहिली भेट नगरच्या छावणीतल्या पोहण्याच्या तलावावर झाली आणि त्या भेटीत तलावातलं निम्मं पाणी बाहेर आलं. कानिफने गुडघे पोटाशी घेऊन अशी उडी ठोकली की साहेबांची टोपी भिंगारच्या दिशेने वाहत गेली, मिशा हनुवटीला चिकटल्या आणि पलीकडे कवायत करणारी पलटण वळीव आला म्हणून बराकीत पळाली. निदान कानिफ तरी असंच सांगायचा.

साहेबांनी त्याला या टोकाकडून त्या टोकाला पोहत जायला सांगितलं. कानिफ निघाला दमदार, पण थोडं अंतर गेल्यावर डावीकडे वळला, वळतच राहिला आणि जिथून निघाला होता तिथे परत आला.

"अरे, सरळ जा की!"

"सरळ गेलं की दगड लागतो साहेब."

तो पोहायला शिकला होता तिसगावच्या गोल विहिरीत. बापाने पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला आत ढकललं, आणि नंतर एक दिवस भोपळा न बांधताच ढकललं. विहिरीत लांब जाता येत नाही, पण मान पाण्याबाहेर ठेवून एका जागी घटकाभर गप्पा मारता येतात. कानिफ तर पाण्यात उभ्या उभ्या भाकरीही खायचा.

सुमंतसाहेब वॉटरपोलोचा संघ बांधत होते. सात गडी इकडे, सात तिकडे, तळाला पाय टेकायचा नाही आणि चेंडू समोरच्या जाळ्यात मारायचा. जाळ्यापुढच्या गड्याला फारसं कुठे जायचंच नसतं.

"याला पोहता येत नाही," साहेब म्हणाले, "पण हा बुडतही नाही. गोलकीपर मिळाला!"

एकच खोट होती. विहिरीचा नियम असा, की उडी मारणाऱ्याने काठावरून आधी ओरडायचं आणि आतल्यांनी वर न बघता बाजूला होऊन भिंतीचा दगड धरायचा. वर बघत बसलेल्या गावातल्या छगनचे दोन दात अजून तळाशी असतील. त्यामुळे डोक्यावर कुणी ओरडलं, की कानिफ जाळं सोडून बाजूचा खांब धरायचा. साहेब त्यावर ओरडले, की तो खांब आणखी घट्ट धरायचा. हळूहळू ती खोड गेली. म्हणजे, गेली असं दोघांनाही वाटलं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात परदेशात चार देशांची स्पर्धा ठरली आणि भारताच्या संघात, सुमंतसाहेबांच्याच हाताखाली, राखीव गोलकीपर म्हणून कानिफचं नाव लागलं. तो सुट्टीवर घरी गेला, तेव्हा त्याची आई साळूबाई डोक्यावर हंडा घेऊन येत होती.

"तिकडं जाऊन काय करायचं?"

"चेंडू आडवायचा."

"कुठं?"

"पान्यात."

"हितं मला पानी वाहून मान न्हाई ऱ्हायली, आन तू पान्यात बसून चेंडू आडवतो व्हय? मुडद्या, हंडा तरी उतरव!"

कानिफने हंडा उतरवला. "आये, राखीव गड्याला कुनी पान्यात उतरवत न्हाई. पन येकदा तरी गोलकीपरची लाल टोपी घालून देशासाठी उतरायचंय. मंग काय बी हू दे."

"काय बी नगं हू दे," साळूबाई म्हणाली.

तिकडे पहिले दोन्ही सामने भारत हरला. कानिफ टॉवेल गुंडाळून बाकावर बसून होता. शेवटचा सामना जिंकणाऱ्याला तिसरा नंबर मिळणार होता. गोल बरोबरीत, थोडाच वेळ उरलेला, आणि आपल्या गोलकीपरचं बोट सुजून वांग्याएवढं झालं. साहेबांनी कानिफकडे पाहिलं. कानिफने लाल टोपीच्या नाड्या इतक्या घट्ट बांधल्या की डोळे बाहेर यायला झाले.

पहिला चेंडू त्याने तळहाताने परतवला. दुसरा छातीवर घेतला. तिसऱ्याला तो कमरेपर्यंत पाण्याबाहेर आला आणि बाकावरची आपली पोरं उभी राहून नाचू लागली.

मग समोरच्यांचा एक ताडमाड गडी चेंडू घेऊन पुढे आला आणि त्याने हात मागे नेला. जाळ्याच्या वरच गॅलरी होती. तिथे बसलेल्या त्याच्या गाववाल्यांनी एकदम आरोळी ठोकली. बरोबर कानिफच्या डोक्यावर.

कानिफने वर बघितलं नाही. तो शिस्तीत बाजूला झाला आणि त्याने खांब धरला.

"सोड! सोड तो खांब!" साहेब काठावरून ओरडले.

कानिफने तो आणखी घट्ट धरला. चेंडू मोकळ्या जाळ्याच्या मधोमध, अगदी सावकाश, पाहुण्यासारखा आत गेला. पाठोपाठ सामना संपल्याची शिट्टी झाली.

"वरून कोण पडणार होतं रे?" साहेबांनी नंतर विचारलं. आवाज अगदी हळू ठेवून.

"ते ठाव न्हाई साहेब. पन वरडलं हुतं."

तिसगावात एसटीतून उतरल्याबरोबर गावाने त्याला हार घातला. देवळापुढे पंगत होती. "नंबर कितवा रं?" रंगनाथ पाटलांनी मोठ्याने विचारलं.

"चौथा."

"साऱ्या देशांत चौथा!" पाटलांनी टाळ्या वाजवायला लावल्या. संघ किती होते हे सांगायला कानिफने तोंड उघडलं.

"गप," साळूबाई हळूच म्हणाली. "लोकं जेवाय बसलीत."

संघात त्याला पुन्हा घेतलं नाही. पलटणीने त्याला ट्रक धुण्याच्या हौदावर नेमलं आणि तिथूनच तो निवृत्त झाला.