अंधारातली भाकर

लढाईच्या दिवसांत धाराशिवच्या बाजारात रॉकेल मिळेना. चिमणी विझली, की आई चुलीच्या उजेडातच भाकरी करायची. वडिलांना मात्र अंधारात जेवायचं म्हणजे अपमान वाटायचा. एकदा त्यांनी चिडून चुलीतली पेटती तुराटी उचलून वर धरली. वर कडब्याचं छप्पर! आईनं ती हिसकून परत चुलीत कोंबली.

"अवो, घर पेटवता का? गप बसा तिथं. मला दिवा लागत न्हाय. भाकर भाजली की वास येतो."

वडील भिंतीला टेकून बसले. हातावर गरम भाकर आली, कुठंही न करपलेली. आम्ही पोटभर जेवलो.

पुढं घरात वीज आली. बल्बाखाली आईची पहिलीच भाकर करपली.

"मी बल्बाकडंच बघत बसले की," ती म्हणाली.