नदीपलीकडची गुरं

मी पायदळातला निवृत्त सुभेदार. नोकरीच्या अखेरीस आमची बटालियन निळं हेल्मेट घालून आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत होती. आता मुक्काम जर्मनीत, डार्मश्टाटला, लेकीकडे. आफ्रिकेतली ती हकिगत मी घरी कधी सांगितली नव्हती. गेल्या हिवाळ्यात सांगावी लागली, कारण शेजारची याना त्याच देशात निघायच्या तयारीत होती.

याना जर्मन फौजेत मेडिक आहे. जिन्यात भेटली की टाचा जुळवून "नमस्ते, हेर सुभेदार" म्हणते. इथे फौज परदेशी पाठवायची तर संसदेत मतदान व्हावं लागतं. ते अजून व्हायचं होतं. त्याआधी आमच्या भागाच्या खासदारबाई नागरिकांना भेटणार होत्या. मला ना जर्मन येत, ना मला इथे मत. जावयाला, अनिरुद्धरावांना, मात्र नुकतंच नागरिकत्व मिळालं होतं.

"तुम्ही जा आणि विचारा," मी म्हटलं.

"अहो बाबा, फिनान्झअम्टचे टॅक्सचे कागद, किटात पोराला सोडणं-आणणं, ऑफिसची डेडलाइन. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. परराष्ट्र धोरण बघायला मोठी माणसं बसलीत की."

"ती माणसं तुमच्या मतावर बसलीत. आणि जाणार आहे याना. बसा इथे."

ते बसले. माझा आवाज चढला होता.

आमचा कॅम्प नदीच्या अलीकडे होता. पहाटे हत्यारं घेऊन स्टँड-टू, मग पीटी, रस्ता तपासणं, पाण्याच्या टँकरला एस्कॉर्ट. नदीच्या दोन्ही काठांवर गुरं पाळणाऱ्या दोन जमाती, आणि त्यांच्यात पिढ्यांचं वैर. आमचं काम दोघांच्या मध्ये उभं राहायचं. त्या साली गुरांत साथ आली. आमच्यात जनावरांचे डॉक्टर होते, आणि निम्मी कंपनी शेतकऱ्यांची. आजारी गाय बघून ही पोरं गप्प बसणार कशी? नाईक विलास जाधव त्यात पुढे. त्याच्या घरी म्हशींचा गोठा. तो गाईचं तोंड धरायचा आणि डॉक्टर सुई टोचायचे.

"साहेब, मुकं जनावर हाय. त्याला कसला पक्ष?" तो म्हणायचा. सगळ्यांना ते पटलं, मलाही.

अलीकडची गुरं वाचली. पलीकडे जायचा पूल पुरात वाहून गेला होता, तिकडे पाणी उतरल्यावर जायचं ठरलं. पाणी उतरलं आणि सकाळी आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो. औषधांचे खोकेही बरोबर होते. नदी ओलांडली आणि काठच्या वेताच्या बेटांतून फायर आला. मी वायरलेसवर कॅम्पला कळवलं.

"अल्फा, धिस इज ब्राव्हो. कॉन्टॅक्ट. ओव्हर."

"ब्राव्हो, कोण आहेत? ओव्हर."

"दिसत नाहीत. ओव्हर."

"ओळख द्या. झेंडा दाखवा. फायर होल्ड. ओव्हर."

हुकूम बरोबर होता. निळा झेंडा म्हणजे आम्ही कुणाचेच नाही, असं आम्ही समजत होतो. विलास गाडीच्या टपावर चढला आणि झेंडा उंच धरला. फायर थांबला नाही, उलट वाढला. गोळी त्याच्या गळ्याला लागली. हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते आलं तेव्हा तो गेला होता.

काही दिवसांनी पलीकडचा एक म्हातारा दुभाष्यामार्फत बोलला. आमच्यात गुरं देऊन मुलगी मिळते, म्हणाला. ज्याची गुरं वाचली त्याच्या घरी सुना येणार, मुलगे होणार, आणि ते मुलगे आमच्यावर चालून येणार. निळा झेंडा आम्ही लांबून रोज त्यांच्याच गोठ्यात बघत होतो, असंही तो म्हणाला.

आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही कुणाला विचारलंही नव्हतं.

अनिरुद्धरावांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मग म्हणाले, "आल्झो, तर मग, विचारायचं काय?"

पुढचा आठवडाभर आम्ही त्या देशाबद्दल मिळेल ते वाचलं. ते जर्मन वाचून मला सांगत, मी नकाशावर दाखवी. दोन बातम्या जुळल्या नाहीत की तिसरी शोधायची, हा नियम केला.

सभेला याना माझ्या शेजारी बसली होती आणि कानात इंग्रजीत सांगत होती. अनिरुद्धराव उभे राहिले. त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, "आपले सैनिक तिथे कुणाच्या बाजूचे आहेत, असं तिथल्या लोकांना वाटतं? दोन्ही काठांवर जाऊन हे कुणी विचारलंय?"

खासदारबाईंनी कागद चाळले. मला माहीत नाही, म्हणाल्या. मत देण्याआधी विचारीन आणि तुम्हाला कळवीन. मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, हा प्रश्न तुम्हाला कुठून सुचला?

मला वाटलं, अनिरुद्धराव आता माझ्याकडे बोट दाखवणार. त्यांनी मागे पाहिलंही नाही. त्यांचं उत्तर यानाला मला सांगावं लागलं नाही.

"नाईक विलास जाधव," ते म्हणाले. बाई लिहून घेत होत्या, म्हणून त्यांनी ते नाव पुन्हा एकदा सावकाश सांगितलं.