हात बरा झाला होता

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेशी उभा राहून "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती" म्हणायचा, तेव्हा एकेकाला उठून बाहेर काढावंसं वाटायचं. काय आलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. रानडुकरीण आली होती. करमाळ्याकडच्या आमच्या रानात मी म्हशीसाठी मका कापत होते. शेजारच्या उसातून ती पिलांसकट निघाली आणि मी नेमकी तिच्या वाटेत. तिनं मांडीत दात घातले, सोडवायला गेलेला उजवा हातही फोडला. मग पिलं पुढं पळाली, तशी तीही गेली.

सोलापूरला तीन आठवडे पडून होते. घरी पंचाईत म्हशीची. माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. शेवटी आमच्या ह्यांनी माझी साडी नेसली, डोक्यावरून पदर घेतला, हातात बांगड्या चढवल्या आणि धार काढायला बसले. म्हशीनं अर्धं दूध दिलं, अर्धं चोरलं. वॉर्डात हे ऐकून मी इतकी हसले की टाके ताणले गेले आणि सिस्टर माझ्यावरच ओरडल्या.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी बादली घेऊन गोठ्यात गेले. म्हशीनं मला ओळखलं, मान वळवली आणि मायेनं फुर्र केलं. त्या डुकरिणीसारखंच काळं अंग, तसाच आवाज. बादली कुठं पडली कळलं नाही, मी अंगणात येऊन उभी होते. हे धावत आले. मी म्हटलं, हातात बळ नाही, दुखतोय.

ही थाप चार महिने चालली. डॉक्टरांनी मूठ आवळायला लावली, मी आवळली, ते म्हणाले उत्तम. घरी मी सांगितलं, अजून वेळ लागेल म्हणालेत. काय करणार? गल्लीत साप निघाला की लोक मला हाक मारायचे. त्या बाईनं घरच्या म्हशीला भ्यायचं म्हणजे काय? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या पाठी तर माझीच म्हैस लागली होती.

धार हेच काढत राहिले आणि दूध कमी कमी होत गेलं. एक दिवस दुपारी जेवताना ह्यांनी सांगितलं की दलालाशी बोलणं झालंय, उद्या सकाळी येऊन म्हैस घेऊन जाईल, तुझ्या हाताला आराम पडेल. मी ताटावरून उठले. रेडकू होती तेव्हापासून वाढवलेली म्हैस, आणि मी खोटं बोलून तिला दारातून काढत होते. स्वतःचा असा संताप कधी आला नव्हता. चुलीपुढं बसून खूप रडले.

संध्याकाळी धारेच्या वेळेला हे गोठ्यात म्हशीपुढं भिजवलेल्या पेंडीचं आंबोण ठेवत होते. मी दारातूनच म्हटलं, "हात बरा हाय. कवाच बरा झालाय. मला भ्या वाटतं."

 हे पेंडीच्या पोत्यावर खाली बसले. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी मी बांधावर हुतो. नुसता वरडत राहिलो. पाय उचललाच न्हाय."

"मला ठाऊक हाय. मी बघत हुते की."

खरंच बघत होते. डुकरीण अंगावर असताना मला बांध दिसत होता आणि बांधावर विळा हातात घेऊन उभा असलेला माझा नवरा दिसत होता. नंतर ह्यांनीच मला उचलून गाडीत घातलं. भाकऱ्या थापल्या, माझे केस विंचरले, सगळं केलं. तरी तो राग माझ्या पोटात तसाच बसला होता. ह्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा तो थोडा निवळला. सगळा गेला असं म्हणणार नाही, जेवढ्या थापा मारल्या तेवढ्या पुरे.

मी हात धुतले, बादली उचलली. शिंगं धरू का, असं ह्यांनी विचारलं. नको म्हटलं, शेजारी येऊन बसा. दोघं टेकलो. म्हैस फुरफुरली. मी डोळे मिटले, पण उठले नाही. कासेला हात लावला. ह्यांनी माझा खांदा धरला, डोळे उघडून बघते तर त्यांचेही डोळे मिटलेले. एका म्हशीच्या पायाशी आम्ही दोन भित्री माणसं. तिनं मान वळवून आमच्याकडं बघितलं, पुन्हा आंबोणात तोंड घातलं आणि पान्हा सोडला.

बादलीत धार वाजायला लागली. मी म्हटलं, दलालाला फोन करा, येऊ नको म्हणावं. हे लगेच उठायला लागले, तशी मी दुधाच्या हातानंच त्यांना खाली ओढलं.

"आत्ता न्हाय," म्हटलं. "धार हुईस्तवर हितंच बसा."