माघातला नाताळ

मथुराबाईचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकांनी विचारलं होतं, "नाव कोणतं घेणार? मार्था घे, मरिया घे." पंधरा-सोळा वर्षांची पोर ती. मूळची ईट गावची, शेतकऱ्याच्या घरची. दुष्काळाच्या साली आई-बाप पाठोपाठ गेले आणि चुलत्यानं आणून मिशनच्या बोर्डिंगात सोडलं, ते पुन्हा काही फिरकला नाही. ती म्हणाली, "आईनं दिल्यालं तेवढंच ऱ्हायलंय माझ्यापाशी. ऱ्हाऊ द्या की." पाळक शहाणे होते. त्यांनी डोक्यावर पाणी घातलं आणि मथुरेला मथुराच ठेवलं.

पुढं कळंबच्या आबारावांशी लग्न झालं. आबाराव आज्यापासूनचे ख्रिस्ती, पण स्वभावानं इतके अघळपघळ की बाजारातल्या निम्म्या लोकांना त्यांचा धर्म नाताळातच आठवायचा. स्टँडच्या मागं त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पंक्चर काढता काढता गप्पा हाणायच्या आणि गप्पांच्या नादात गिऱ्हाइकाची सायकल दुसऱ्यालाच द्यायची, असा कारभार. मथुराबाईनं बोलून बोलून जिभेचा पट्टा झिजवला, पण माणूस काही सुधारला नाही. एक गोष्ट मात्र आबाराव मनापासून करायचे, ती म्हणजे नाताळाची चांदणी.

चांदणीचा सांगाडा सायकलच्या जुन्या स्पोकांचा, आणि हातभर रुंद. दर वर्षी डिसेंबर लागला की जुना कागद फाडायचा, गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, नवा लाल पतंगी कागद चिकटवायचा, आत बल्ब सोडायचा आणि दारावरच्या आकड्याला चांदणी टांगायची. खळ ढवळायचं काम पोराकडं, रणधीरकडं. तो निम्मी खळ केसांना लावून घ्यायचा. चांदणी लागली की आबाराव रस्त्यापर्यंत चालत जायचे, तिथून वळून बघायचे आणि म्हणायचे, "घर लांबून दिसाया पायजे." शेजारचे शरणप्पा, धान्याचे अडते, लिंगायत माणूस. ते गमतीनं म्हणायचे, "आबाराव, तुमची चांदणी लागल्याबिगर आमची थंडी सुरू होत न्हाय बगा." दिवाळीत त्यांच्याकडून फराळ यायचा, नाताळात इकडून करंज्या जायच्या. करंजीला कुठला धर्म लागतो!

रणधीर पुण्याला कंपनीत लागला. वर्षभर कामाच्या नावाखाली फिरकायचा नाही, पण नाताळाच्या आदल्या दिवशी एसटीनं उतरायचाच. खांद्यावर निळी बॅग, ओठावर जाड मिशी. आबाराव दुपारपासून दाराकडं तोंड करून खुर्ची टाकून बसायचे. चांदणी लागली की पोरगं येतं, हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की काय आधी आणि काय नंतर हे त्यांनाच सांगता आलं नसतं.

मग पुण्यात रणधीरला दारू लागली. थोडीथोडकी नाही, पार बुडाला. बायको दीपमाला लेकराला घेऊन माहेरी धाराशिवला निघून गेली. नोकरी जायच्या बेतात आली. मथुराबाईनं त्या दोन वर्षांत जेवढी प्रार्थना केली, तेवढी जन्मात केली नव्हती. आणि प्रार्थना ऐकली गेली, पण आपल्या मापानं थोडीच ऐकली जाते! पुण्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीनं त्याला उचललं, त्याच्यासाठी रात्री जागवल्या, उपास केले. दारू सुटली ती कायमची. मिशी गेली, अंगावर पांढरा सदरा आला, जीभ गोड झाली. फक्त त्या मंडळीत नाताळ पाळत नव्हते.

"आई, पंचवीस डिसेंबर बायबलात कुठंच लिहिलेला नाही," तो पहिल्यांदा सांगायला आला तेव्हा म्हणाला. "तो रोमी लोकांच्या सूर्यदेवाचा सण. मंडळीनं मागनं तो उचलला आणि त्याला प्रभूचं नाव दिलं. प्रभू कधी जन्मला, कुणालाच ठाऊक नाही."

"आरं, पर नाव तर त्याचंच घेतो न्हवं आपण?"

"मूळ अशुद्ध असलं की नाव बदलून काय होतं?"

मथुराबाईला राग आला. "मूळ बगाया बसलास तर तुज्या आईचं नाव मथुरा हाय. बायकोचं दीपमाला, देवळाम्होरं असती ती. आमाला बी टाकून देतोस का? आन ते पूर्वेकडचे मागी, तारा बघत बाळ येशूच्या भेटीला आल्याले, ते तरी कोण मंडळीतले होते रं? परकेच की. म्या बी भायेरचीच. मला आत घ्येतलं का न्हाय त्यानं?"

रणधीरनं विषय सोडला. पटलं म्हणून नाही, आईशी वाद नको म्हणून. त्या वर्षी नाताळाला तो आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. एरवी यायचा, पैसे द्यायचा, बापाचे पाय चेपायचा. नेमका तो दिवस टाळायचा. आबाराव मात्र दोन्ही वर्षं खुर्ची टाकून चांदणीखाली बसले आणि शेवटची एसटी गेल्यावर म्हणाले, "गाडी चुकली असंल." त्यांचं ते वाट बघणं मथुराबाईला बघवायचं नाही.

यंदा दिवाळी संपता संपता आबाराव मोरीत पडले. अर्धं अंग गेलं, बोलणं जड झालं, आणि डोक्यातला काळाचा हिशेब विस्कटला. धाराशिवच्या दवाखान्यात काही दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, सेवा करा. मथुराबाईचे गुडघे कामातून गेलेले. आडदांड माणसाला ती एकटी काय वळवणार? तिनं पोराला फोन केला.

रणधीर म्हणाला, "येतो आई. रजा काढून येतो, सगळं मी करतो. फक्त एक ऐक. चांदणी लावू नको. ती लागली तर मला त्या घरात राहता येणार नाही. मी एकदा घसरलेला माणूस आहे, मला जपून चालावं लागतं."

ते शेवटचं वाक्य तिच्या काळजात रुतलं. ज्यांनी पोर गटारातून काढलं, त्यांचा शब्द मोडायला लावला आणि पोर पुन्हा गेलं तर? चांदणी काय, लोखंडाचीच. तिनं स्पोकांचा सांगाडा उचलला आणि माळ्यावर गोण्यांच्या मागं ठेवून दिला.

रणधीरनं सेवा केली, त्यात खोट काढायला जागा नाही. बापाला उचलून आंघोळ घातली, दाढी केली, घास भरवला, घाण काढली. पण आबाराव त्याला ओळखेनात. मिशी नाही, बॅग नाही, अंगात बुवासारखा पांढरा सदरा. ते त्याला "पाव्हणं" म्हणायचे. "पाव्हणं, तुमचे हात लई थंड हायत." "पाव्हणं, तुमी जेवलाव का?" रणधीर सांगायचा, "दादा, मी रणधीर." आबाराव सभ्यपणानं हसायचे. "रणधीर नाताळाला येतो. त्यो आला की गाठ घालून देतो तुमची."

आणि मग रोज एकच प्रश्न. "मथुरा, नाताळ कदी हाय गं?"

"हाय अजून."

पंचवीस तारखेला मथुराबाईनं पिठलं-भाकरी केली. करंज्यांचं सारण नाही, नवी साडी नाही. सकाळी प्रार्थनामंदिराची घंटा वाजली. आबारावांनी मान उचलली. "घंटा कशाची?"

मथुराबाईनं रणधीरकडं पाहिलं. तो बापाची चादर बदलत होता. "रविवार हाय," ती म्हणाली. तो गुरुवार होता. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याशी तोंडावर बोललेलं तिचं हे पहिलं खोटं. रणधीरचे हात चादरीवर थांबले, मग त्यानं चादरीचा कोपरा आत खोचला. सत्यासाठी सण बाहेर काढला आणि रिकाम्या जागी खोटं येऊन बसलं. एकदा बसलेलं खोटं काही लवकर उठत नाही.

संक्रांतीला शरणप्पा तिळगूळ घेऊन आले. आबारावांच्या ओठाला त्यांनी दाणाभर लावला. आबारावांनी चव घेतली आणि कपाळाला आठी घातली. "शरणप्पा, औंदा तिळगूळ आधी कसा काय? नाताळ व्हायचाय अजून."

शरणप्पांनी आ वासला. मथुराबाई घाईघाईनं म्हणाली, "सुनंनं लौकर केलाय त्यांच्या." शरणप्पा समजूतदार माणूस, त्यांनी मान हलवली. पण निघताना दाराबाहेर थांबले, रिकाम्या आकड्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, रागाऊ नका. त्यांचा जीव कशात तरी अडकलाय बगा."

माघ लागला. आबारावांनी अन्न सोडलं. घोटभर पाणी तेवढं घशाखाली उतरायचं. डोळे खोल गेले, पण दारावरून हलायचे नाहीत. एका दुपारी ते अगदी स्पष्ट बोलले, "मथुरा, म्या आता दमलो. नाताळ झाला की जातो."

मथुराबाई उठली. पोरगा मागच्या अंगणात बापाचे कपडे पिळत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"रणधीर, प्रभू कदी जन्मला?"

"आई, आत्ता हे कशाला..."

"तूच सांगितलंस न्हवं? तारीख कुनाला ठाव न्हाय म्हनून?"

"नाही ठाऊक."

"मंग आज कशावरनं न्हवं?" तिचा आवाज फाटला. "तुला पंचवीस तारीख नको ना? नको तर नको. ती रोमी लोकांला दे जा. मला आजचा दिवस दे. आज माघ हाय, आज कुनाचाबी सण न्हाय, कुठला सूर्यदेव न्हाय. लेकरा, तुजा बाप एक दिवस उसना मागतोय. म्या तुज्यासाठी त्याचा नाताळ चोरला रं."

रणधीरच्या हातातलं धोतर तसंच ठिबकत राहिलं. तो आत गेला, माळ्यावर चढला, गोण्या सरकवल्या आणि सांगाडा खाली काढला. मग बाजारात जाऊन लाल पतंगी कागद घेऊन आला. चुलीपुढं बसून त्यानं स्वतः खळ शिजवली. मथुराबाई बघत होती. चाळिशी गाठलेला बाप्या माणूस, आणि खळीची बोटं लहानपणासारखीच नकळत केसांना पुसत होता. तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच ती पदर तोंडात घालून रडली.

तिन्हीसांजेला शरणप्पांनी शिडी धरली, रणधीरनं चांदणी आकड्याला टांगली आणि बटण दाबलं. लाल उजेड उंबऱ्यावर पडला, तिथून खाटेपर्यंत आला.

आबारावांच्या डोळ्यांत कित्येक दिवसांत नव्हती ती जाग आली. अर्धं तोंड हसलं. "लागली," ते म्हणाले. "आला नाताळ."

रणधीर धावत आत आला, खाटेपाशी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं बापाचा हात धरला. "दादा, मी आलो. मी रणधीर. बघा की माझ्याकडं."

आबारावांनी मोठ्या कष्टानं हात सोडवून घेतला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, अजीजी होती. "पाव्हणं, जरा बाजूला सरका. पोरगं यायचं हाय. दार दिसू द्या मला."

रणधीर बाजूला सरकला. मग उठला. कोपऱ्यातल्या पेटीमागं त्याची जुनी निळी बॅग पडली होती. ती त्यानं खांद्याला लावली आणि मागच्या दारानं बाहेर पडला. तो घराला वळसा घालून रस्त्यानं येत असल्याचं मथुराबाईला पावलांवरून कळत होतं. तिचा हात नवऱ्याच्या छातीवर होता. छाती एकदा वर आली, हळूच खाली बसली. ती पुन्हा वर येईल म्हणून मथुराबाई थांबली, पण ती आली नाही. डोळे उघडेच होते, दाराकडं.

रणधीर चांदणीखाली उंबऱ्यात येऊन उभा राहिला. खांद्यावर बॅग, केसांत वाळलेली खळ. धाप लागलेल्या आवाजात म्हणाला, "दादा, आलो. नाताळाला आलो."

रणधीर खाटेकडं बघत राहिला, मग त्यानं आईकडं बघितलं.

"बगितलं रं त्यांनी तुला," मथुराबाई म्हणाली. "दारातनं येताना बगितलं, वळखलं. मंगच गेले."

आईचं खोटं रणधीरला आता चांगलं ओळखू यायचं. त्यानं बॅग खाली ठेवली, मान हलवली आणि म्हणाला, "व्हय आई."