रिठ्याचं पाणी आणि नवाब

माझी सासू राजाबाई कुणाला सोडत नाही, देवाला तर नाहीच. करमाडच्या माळावर बिरोबाच्या ठाण्यापुढं उभी राहून ती म्हणते, "मेंढरं तुझी म्हणं, मंग राखतंय कोण?" आमच्या कळपात तिचा जीव मात्र नवाबावर. नवाब म्हणजे पांढरा मेंढा, तिच्या हातची भाकर खाणारा आणि मला ढुशा मारणारा.

यंदा मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरायला लागलं. दोन दगावल्या. भगत म्हणाला, देव कोपलाय. "कोपला असंल तर माझ्याशी बोल म्हणावं," असं म्हणून सासूनं जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हरमध्ये चपटे जंत आहेत. ते तळ्यातल्या गोगलगायींत वाढतात, काठच्या गवताला चिकटतात आणि चरताना पोटात जातात. औषध पाजा. रिठ्याच्या पाण्यानं गोगलगायी मरतात, पण...

सासू तोवर उठली होती. कुणाचंही बोलणं पुरतं ऐकायचं तिला वावडं आहे.

लोकर कातरायच्या आधी आम्ही मेंढ्या रिठ्यानं धुतो, म्हणून घरात रिठ्याचं पोतं असतंच. तिनं अख्खं पोतं उकळलं आणि तळ्यात ओतलं. तळं कसलं, मोठं डबकंच. सकाळी गोगलगायी मेलेल्या होत्या आणि मासेही पालथे तरंगत होते. मासे माझ्या चुलतसासऱ्यांनी, कडुबामामांनी तळ्यात सोडलेले. गोगलगाय कुठं मेंढी मारते का, म्हणून हेच मामा आम्हाला हसत होते.

पंच बसले. जनावराच्या बदली जनावर ही आमच्यातली रीत. मामांनी कळपावर नजर फिरवली आणि नेमकं नवाबावर बोट ठेवलं. सासू एकही शिवी न देता घरी आली, तेव्हा मला खरोखर भीती वाटली.

मामांनी नवाबाला तळ्याच्या काठीच बांधला, तिथं गवत हिरवंगार म्हणून. गवताला चिकटलेल्या जंतांना रिठ्यानं काही झालेलं नव्हतं. काही आठवड्यांनी मामा दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, नवाब खात नाय. जबडा सुजलाय."

मला वाटलं, आता ही त्यांची सालटी काढणार. तिनं चपला घातल्या आणि चालू लागली. डॉक्टर आले तेव्हा ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. "आता पुरतं सांगा," म्हणाली.

मामा घायकुतीला आले होते. "रिठा टाका तळ्यात. नवे सोडलेले मासे गेले खड्ड्यात."

"भावजी, गप ऱ्हावा. डॉक्टर बोलायलेत."

नवाब वाचला. आता काठाला कुंपण आहे आणि रिठा फक्त मेंढ्या धुवायला. मेंढा मामांचाच, रीत ती रीत. पण सासूच्या हातची भाकर खाल्ल्याशिवाय तो चरत नाही, म्हणून मामा त्याला रोज सकाळी आमच्या दारात आणतात आणि दोरी धरून उभे राहतात. सासू नवाबाच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत बसते. मामांना शिव्याच देत असणार. तेवढं सगळं तो पुरतं ऐकतो.